आप्पांच्या ट्रंकेतली फाइल : जवानाची आरोग्यनोंद त्याच्या मागोमाग घरी का येत नाही?

मलप्रभेकाठची

हा धागा काढायचं गेले दोन महिने मनात होतं. लिहायला बसलं की ती रात्र आठवायची आणि उठून जायचे.

आमचे आप्पा पायदळातून हवालदार म्हणून निवृत्त झाले. २४ वर्षं नोकरी, त्यातली बरीच वर्षं ८१ मिमी मॉर्टर, म्हणजे उखळी तोफांच्या प्लाटूनमध्ये. आता वय ७१. गाव खानापूर तालुक्यात, जंगलाच्या कडेला. श्रावणात एका रात्री त्यांना ताप चढला, दम लागला, बोलणं तुटक व्हायला लागलं. शेजाऱ्यांची गाडी काढून भर पावसात बेळगाव गाठलं. एका खाजगी हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला : कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे का?

मला माहीत नव्हतं. आप्पांना सांगता येत नव्हतं. आई म्हणाली, "जम्मूला असताना कसलं तरी इंजेक्शन दिल्यावर तोंड सुजलेलं. फाइलीवर लाल शाईनं काय की लिवलेलं बघ." काय लिहिलं होतं ते तिला आठवेना.

डॉक्टरांनी हातात घेतलेली बाटली परत ठेवली आणि दुसरं औषध सुरू केलं. त्यांचे उपकार आम्ही जन्मभर विसरणार नाही. इकडे गावात भावानं पोटमाळ्यावरची काळी ट्रंक खाली काढली. पांढऱ्या रंगात आप्पांचा नंबर आणि नाव लिहिलेली ती पत्र्याची ट्रंक आपल्याकडच्या प्रत्येक फौजी घरात आहे. पहाटे तीनला व्हॉट्सॲपवर फोटो आला. पुठ्ठ्याच्या कव्हरवर, अर्धवट पुसट, लाल अक्षरांत : पेनिसिलिन. परत ठेवलेली बाटली त्याच गटातली होती.

आप्पा बरे आहेत. पण विचार करा, २४ वर्षं लष्करानं या माणसाचं वजन, रक्तदाब, डोळे, कान सगळं नियमितपणे तपासलं, लिहून ठेवलं. एवढी नीट नोंद गावातल्या दुसऱ्या कुणाचीच नसेल. आणि गरज पडली त्या रात्री ती तांदळाच्या पोत्यामागे, पत्र्याच्या ट्रंकेत, ४० किलोमीटर लांब.

मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर बेळगावात, हवाई दलाचं एअरमेन ट्रेनिंग स्कूल सांबऱ्यात. खानापूर, निपाणी, चिकोडीपासून पलीकडे चंदगड, गडहिंग्लजपर्यंत घराघरात फौजी आहेत. म्हणून इथंच विचारते. लष्करातली आरोग्यनोंद संगणकावर येऊन ती निवृत्तीनंतर माणसाबरोबर घरी येईल, असं काही आहे का? नसेल तर आपण काय करायचं?

---

एमआय_रूम

ताई, मी आर्मी मेडिकल कोअरमध्ये नर्सिंग असिस्टंट होतो. निपाणीकडचा. ती लाल अक्षरं माझ्यासारख्याच कुणीतरी लिहिलेली असणार. आम्हाला शिकवलंच होतं तसं, ॲलर्जी दिसली की लाल शाई.

ज्यांच्या घरात फौजी नाही त्यांच्यासाठी आधी कागदांबद्दल सांगतो. जवानाची तब्येत 'शेप' या पाच अक्षरांत मांडतात. एस म्हणजे मन, एच म्हणजे कान, ए म्हणजे हातपाय, पी म्हणजे शरीराची एकूण क्षमता, ई म्हणजे डोळे. प्रत्येकापुढे १ ते ५ आकडा. सगळीकडे १ असला की तो 'शेप वन', कुठंही पाठवायला मोकळा. आकडा वाढला की मेडिकल बोर्ड बसतं, त्याचा फॉर्म एएफएमएसएफ-१५. नोकरी संपताना रिलीज मेडिकल बोर्ड, तो एएफएमएसएफ-१६. ड्यूटीवर जखम झाली तर इंजुरी रिपोर्ट, आयएएफवाय-२००६. हे तीन नंबर प्रत्येक फौजी घरानं पाठ करून ठेवावेत.

आमच्या वेळी पोस्टिंग आली की हे कागद गठ्ठा बांधून पुढच्या युनिटला जायचे. माणूस रेल्वेनं चार दिवसांत पोहोचायचा, गठ्ठा कधी महिन्यानं. बर्फातल्या पोस्टवर बुखारीच्या, म्हणजे ऊब देणाऱ्या शेगडीच्या, काजळीनं कागद काळे व्हायचे. एक प्रसंग सांगतो, युनिटचं नाव घेत नाही. एक पोरगा वर चढायला आला. उंचीवर चढवताना सवय करायचे टप्पे असतात : ९,००० ते १२,००० फुटांत सहा दिवस, तिथून १५,००० पर्यंत चार, त्याच्यावर आणखी चार. त्यानं सगळे दिवस पाळले. तरी वर गेल्यावर दुसऱ्या रात्री छातीत पाणी झालं. खाली आणला, वाचला. मग कळलं, तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या सेक्टरमध्ये त्याला हेच झालं होतं. एकदा झालं की परत व्हायचा धोका जास्त असतो. त्याचे कागद अजून वाटेत होते, आणि वर जायला मिळावं म्हणून तोही गप्प राहिला होता.

त्या रात्री माझ्यासमोर स्क्रीन असती तर तो पोरगा वर गेलाच नसता. म्हणून मी संगणकाच्या बाजूचा आहे, मनापासून.

---

कागवाडकर

अनुमोदन. आमच्याकडेही तीच ट्रंक आहे. वडील गेले, आता आई ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, कार्डावर. तिच्या तर सैन्यातल्या नोंदी नाहीतच. तिचं काय करायचं तेही कुणीतरी सांगा.

---

शिनोळी_नाका

मी चंदगड तालुक्यातली, पण आमचं सगळं येणंजाणं बेळगावला. नवरा सध्या नोकरीत आहे. सगळे संगणक संगणक म्हणतायत म्हणून दुसरी बाजू मांडते, राग मानू नका.

माझ्या नवऱ्याला बीपी आहे. हे मला माहीत आहे, घरातल्या मशीनला माहीत आहे, आणि ज्या मेडिकलमधून आम्ही रोख पैसे देऊन गोळ्या घेतो त्या दुकानदाराला माहीत आहे. पलटणीत कुणालाही माहीत नाही. नायकाचा हवालदार व्हायची वेळ आली आहे. लो मेडिकल कॅटेगरी लागली, म्हणजे 'शेप'मधला आकडा वाढला, तर बढती अडकेल, कोर्स अडकेल, अशी त्याला भीती. सुट्टीवरून परत जाताना गोळ्या पाकिटातून काढून डबीत भरतो.

तुमची नोंद संगणकावर गेली की ती कोण बघणार? डॉक्टर बघणार असेल तर हरकत नाही. पण कंपनी कमांडर बघणार, क्लार्क बघणार, तर जवान आणखी लपवेल. मग स्क्रीनवर सगळं छान हिरवं दिसेल आणि माणूस आतून पोखरलेला असेल.

---

एमआय_रूम

वहिनी, राग कसला. तुम्ही सांगताय तेच खरं दुखणं आहे. सिक रिपोर्टला उभं राहणं, म्हणजे आजारी आहे असं सांगणं, हा कमीपणा, हे आमच्या डोक्यात पहिल्या दिवसापासून बसतं. मी स्वतः गुडघा दुखत असताना दोन वर्षं पळालो.

माझं मत असं आहे की कमांडरला 'ड्यूटीला फिट' किंवा 'अमुक काम देऊ नका' एवढंच दिसावं. आजाराचं नाव, गोळ्या, मनाच्या डॉक्टरांशी झालेलं बोलणं, हे फक्त उपचार करणाऱ्याला दिसावं. आणि कुणी, कधी उघडून बघितलं याची नोंद जवानाला स्वतःला दिसली पाहिजे. कागदाच्या गठ्ठ्यात हे करता येत नव्हतं. संगणकात येतं, करायचं ठरवलं तर.

पण बीपीच्या गोळ्या अशा लपवून घेऊ देऊ नका. पुढच्या सुट्टीत त्याला माझ्याशी बोलायला सांगा. बीपी आहे म्हणून प्रत्येकाची नोकरी जात नाही. वेळेत सांगितलं, आटोक्यात राहिलं, तर कॅटेगरी परत वर येते. अशी कितीतरी माणसं मी पाहिली आहेत.

---

हिंडलग्याचा_मुलगा

मी पुण्यात रुग्णालयांच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, घर हिंडलग्याला. या विषयात अमेरिकेनं जे भोगलं ते वाचण्यासारखं आहे.

आधी कागदाची गोष्ट. १२ जुलै १९७३ ला सेंट लुईसमधल्या त्यांच्या लष्करी अभिलेखागाराला आग लागली. १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख फायली जळाल्या. दुसरी प्रत नव्हती, मायक्रोफिल्मही नव्हती. हजारो माजी सैनिकांना आपण कुठं लढलो, कुठं जखमी झालो हे नव्यानं सिद्ध करावं लागलं. 'कागद बरा, कागद हॅक होत नाही' असं म्हणणाऱ्यांना मी ही आग सांगतो.

आता संगणकाची. तिथं नोकरीतल्या सैनिकांचं खातं वेगळं आणि माजी सैनिकांचं वेगळं. माजी सैनिकांच्या खात्यानं स्वतःच 'विस्टा' नावाची प्रणाली घडवली होती. ती जुनी, पण डॉक्टरांच्या हाताला बसलेली. लष्कराकडे वेगळी. दोघांची माहिती एकमेकांत नीट जाईना. शेवटी दोघांनी एकच प्रणाली घ्यायचं ठरवलं. लष्कराची 'एमएचएस जेनेसिस' फेब्रुवारी २०१७ मध्ये फेअरचाइल्ड हवाईतळावर सुरू झाली आणि मार्च २०२४ मध्ये सगळीकडे पोहोचली. सात वर्षं!

माजी सैनिकांच्या बाजूला मात्र ऑक्टोबर २०२० मध्ये स्पोकेनच्या रुग्णालयात ती सुरू झाली आणि गोंधळ झाला. डॉक्टर तपासणीची किंवा पुढच्या उपचाराची मागणी नोंदवायचे, ती जुळली नाही की प्रणाली ती एका अज्ञात रांगेत टाकायची. कुणाला न कळवता. डॉक्टरांना वाटायचं काम झालं. रुग्ण घरी वाट बघत बसायचा. २०२२ च्या चौकशी अहवालात या प्रकारानं किमान १४९ रुग्णांना इजा झाल्याचं पुढं आलं. एप्रिल २०२३ मध्ये पुढचा विस्तार थांबवावा लागला.

शिनोळीच्या वहिनींनी मांडलेल्या मुद्द्याला आणखी एक जोड देतो. जानेवारी २०१८ मध्ये एका व्यायामाच्या ॲपचा नकाशा गाजला होता, स्ट्राव्हाचा. सैनिक धावायला जाताना घड्याळ लावायचे, आणि त्या धावण्याच्या रेषांवरून वाळवंटातले तळ जगाला दिसायला लागले. आपल्याकडेही जुलै २०२० मध्ये लष्करानं जवानांना ८९ ॲप्स फोनवरून काढायला सांगितली होती. जवानाची तब्येत ही त्याची खाजगी गोष्ट आहेच, पण एका पलटणीत एकाच आठवड्यात किती जणांना थंडीची इजा झाली एवढं कळलं तरी ती पलटण कुठं आहे ते शत्रूला कळतं. त्यामुळे नोकरीतल्या जवानाची नोंद कुठल्याही साध्या ॲपवर येणार नाही आणि येऊ नये. निवृत्तीच्या दिवशी मात्र त्याच्या उपचाराचा भाग वेगळा काढून त्याच्या हातात देता येतो. ताईंच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथं आहे असं मला वाटतं.

---

मलप्रभेकाठची

अज्ञात रांगेचं वाचून अंगावर काटा आला. आमची ट्रंक तरी कुठं आहे ते आम्हाला माहीत होतं.

---

रात्रपाळी

मी कॅज्युअल्टीत काम करतो, याच जिल्ह्यात. ताई, तुमच्या आप्पांचे डॉक्टर मी नव्हे, पण अशा रात्री मी खूप काढल्या आहेत.

आमच्यासमोर माजी सैनिक येतो तेव्हा कार्ड पुढं येतं. त्यावरून तो सैनिक आहे आणि उपचाराचा हक्क आहे एवढं कळतं. ईसीएचएस १ एप्रिल २००३ पासून आहे, आणि पॉलिक्लिनिक, तिथून रेफरल, मग यादीतलं हॉस्पिटल ही वाट आता सगळ्यांच्या अंगवळणी पडली आहे. पण बिलाची वाट आणि माहितीची वाट या वेगवेगळ्या आहेत. बिल संगणकावरून बरोबर जातं. माहिती पिशवीतून येते. त्या पिशवीत सरकारी दवाखान्याची कन्नड चिठ्ठी, लष्कराचे इंग्रजी कागद, कोल्हापूरच्या डॉक्टरांचं मराठी पत्र, आणि सांगणारी बाई मराठीत, नर्स कन्नडमध्ये. हे मी तक्रार म्हणून नाही सांगत, आपल्या भागाचं हे रोजचं आहे. आम्ही निभावतो. पण रात्री दोन वाजता निभावताना चूक होऊ शकते.

पहिल्या दहा मिनिटांत मला फार थोडं लागतं. कशाची ॲलर्जी आहे, रोजच्या गोळ्या कोणत्या, रक्त पातळ करणारी आहे का. साखर, बीपी, दमा, किडनी. आधीची ऑपरेशनं, शरीरात धातू किंवा पेसमेकर. एवढंच. दोनशे पानांचं स्कॅन मला त्या वेळी उपयोगाचं नाही.

स्कॅन आणि नोंद यातला फरक इथं कळतो. लाल अक्षरांचा फोटो काढून साठवला तरी संगणकाला तो फक्त फोटो. 'पेनिसिलिनची ॲलर्जी' ही गोष्ट ठरलेल्या संकेतात भरली, तर मी त्याच गटातलं अमॉक्सिसिलिन लिहायला गेलो की पडदाच मला अडवेल. अशा नोंदींसाठी भारत सरकारनं २०१३ मध्ये मानकं काढली, २०१६ मध्ये ती सुधारली. २७ सप्टेंबर २०२१ ला आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालं, त्यातला १४ आकडी आभा, म्हणजे आरोग्य खात्याचा, क्रमांक कुणालाही काढता येतो. माजी सैनिकालाही, आणि कागवाडकर, तुमच्या आईलाही. संमती दिल्याशिवाय नोंद दुसऱ्याला दिसत नाही. फायदा इतकाच की राज्य बदललं तरी क्रमांक बदलत नाही. चंदगडचा माणूस बेळगावला आला काय किंवा चिकोडीचा माणूस कोल्हापूरला गेला काय, क्रमांक तोच.

मात्र आभा काढला म्हणजे जुन्या नोंदी आपोआप आत आल्या असं होत नाही. तो रिकामा कप्पा आहे. भरायचा कुणीतरी.

आणि लष्कराची 'सेहत ओपीडी' आहे, २७ मे २०२१ पासून. घरबसल्या व्हिडिओवर लष्करी डॉक्टर भेटतात, नोकरीतल्यांना आणि माजी सैनिकांनाही. दुर्गम गावात नेट चालतं तिथं वापरून बघा.

---

जुना_सुभेदार

पोरांनो, तुम्ही औषधाचं बोललात. मी पेन्शनचं बोलतो, कारण ही नोंद नसली की पुढं काय होतं ते मी इतरांचे अर्ज लिहून देता देता पाहिलंय.

अपंगत्व पेन्शनचा सगळा प्रश्न एका ओळीवर टेकतो : हा आजार नोकरीमुळे झाला किंवा वाढला, की दोन्ही नाही? सुप्रीम कोर्टानं २०१३ मध्ये धरमवीर सिंग प्रकरणात सांगितलं, भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल आणि पुढं आजारामुळे माणसाला काढावं लागलं, तर तो नोकरीतच झाला असं धरायचं. उलट सिद्ध करायची जबाबदारी सरकारची. तो शिपाई फिट्सच्या आजारानं बाहेर काढला गेला होता. या एका निकालानं कितीतरी घरं सावरली. २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम आलेत, त्यामुळे त्यानंतर निवृत्त झालेल्यांनी आपल्याला कोणते लागू ते जाणकाराला विचारून घ्यावं.

पण निकाल असो की नियम, बघतात ते कागदच. भरतीचा कागद, पहिल्या तक्रारीचा कागद, शेवटच्या बोर्डाचा कागद. ज्यांच्याकडे नाहीत त्यांनी आपल्या रेकॉर्ड ऑफिसला माहिती अधिकारात अर्ज करावा. १० रुपयांची पोस्टल ऑर्डर, साधा कागद, नंबर, रँक, युनिट, निवृत्तीची तारीख. आणि हे पन्नाशीत करा, ऐंशीत नको. मी एका म्हाताऱ्याचा अर्ज लिहिला आणि उत्तर आलं तेव्हा त्याच्या बाराव्याचं जेवण चाललं होतं.

ताई, मॉर्टरवाल्यांचे कान बघून घ्या.

---

मलप्रभेकाठची

सुभेदारसाहेब, तुमची शेवटची ओळ वाचली आणि ट्रंक परत उघडली.

आप्पांना आता कुकरची शिट्टी ऐकू येत नाही. बैलाच्या गळ्यातली घंटा ऐकू येत नाही. उलट रात्री कानात बारीक शिट्टी वाजते म्हणतात, गेली तीस वर्षं. आणि रिलीज बोर्डाच्या कागदावर एच पुढं स्वच्छ '१' लिहिलंय.

मी त्यांना तो आकडा दाखवला. जोरानं, कानाजवळ विचारलं, "तुम्ही तेव्हा सांगितलं नव्हतं का?" बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "सांगितलं असतं तर प्लाटूनमधनं काढलं असतं गा. मग घरात काय घातलं असतं?"

त्या वेळी मी सातवीत होते. फी त्याच पगारातून जायची.

वहिनी, हे मी तुमच्यासाठी लिहितेय. तुमच्या नवऱ्याला वाचून दाखवा.

---

शिनोळी_नाका

दाखवलं. फोनवर वाचून. बराच वेळ तोही गप्प होता. एमआय रूमवाल्या दादांचा नंबर हवाय म्हणाला. निरोपातून पाठवाल का?

---

एमआय_रूम

पाठवला. रात्री नऊनंतर कधीही करा म्हणावं.

---

हिंडलग्याचा_मुलगा

सगळ्यांचं वाचून एक पान तयार केलंय. रात्रपाळी डॉक्टरांनी सांगितलेल्या गोष्टी वरच्या अर्ध्या भागात मोठ्या अक्षरांत, मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्हीत. खालच्या अर्ध्यात एएफएमएसएफ-१५, १६ आणि इंजुरी रिपोर्ट घरात आहेत का, कुठं आहेत. एक प्रत कार्डाच्या कव्हरमध्ये, एक कपाटाच्या दाराला आतून. ॲलर्जीचा रकाना लाल ठेवलाय.

हे तात्पुरतं आहे. मागणी मात्र सोडायची नाही : निवृत्तीच्या दिवशी पेन्शनच्या कागदांबरोबर जवानाच्या हातात त्याची उपचारनोंद द्या, संगणक वाचू शकेल अशी, त्याच्या आभाला जोडून. शेवटचं मेडिकल बोर्ड तर होतंच. त्याच टेबलावर हे करता येतं.

---

मलप्रभेकाठची

पान मिळालं. परवा आप्पांचं भरलं. भरताना त्यांनी स्वतः तीन गोष्टी सांगितल्या ज्या आईलाही माहीत नव्हत्या. १९८७ मध्ये डाव्या पायाची दोन बोटं थंडीनं काळी पडली होती, ही त्या तीन गोष्टींतली एक.

पुढच्या रविवारी गावातल्या देवळाच्या सभामंडपात नऊ घरांतले लोक आपापल्या ट्रंका घेऊन येणार आहेत. दोन विधवा आजी आहेत, त्यांना वाचता येत नाही, त्यांचं मी भरणार. भाऊ फोटो काढेल. पण कन्नड भागात औषधांची नावं आणि आजारांचे शब्द मी भीत भीत लिहिलेत. छापायच्या आधी कुणी तपासून देईल का?

---

रात्रपाळी

मी देतो. आज ड्यूटीवर आहे, उद्या सकाळपर्यंत पाठवतो. रविवारी सुट्टी आहे, गावाचं नाव निरोपातून कळवा. रक्तदाबाचं मशीन आणि कान तपासायचं साधन घेऊन येतो.